खिळ्यावरचा एप्रन

डार्व्हिन क्रोल येतोय ही बातमी नॉर्डालमध्ये पसरली आणि लोकांना चक्क आनंद झाला. आनंद! सिग्ने ट्वेटला वाटलं, या गावाच्या डोक्यात मेंदू आहे की उकडलेला बटाटा?

याच माणसानं अकरा वर्षांपूर्वी गावाच्या तोंडाला पानं पुसली होती. तेव्हा हेच लोक रस्त्यात त्याच्या नावानं थुंकत होते. आता हॉटेलवाला स्वेन खोल्यांना नवा रंग देत होता, पेट्रोलपंपावर क्रोलच्या बिग फोर्क विद्यापीठाच्या निळ्या टोप्या परत विकायला ठेवल्या होत्या, आणि पाद्रीसाहेब रविवारच्या प्रवचनात क्षमा या विषयावर अर्धा तास बोलले. बोलताना सगळा वेळ नजर सिग्नेवर. सिग्ने दुसऱ्या रांगेत बसून छताच्या तुळया बघत राहिली.

कारण निर्णायक मत तिचं होतं.

नॉर्डालचं प्रेअरी स्टेट हे छोटं विद्यापीठ. नदीपलीकडे, गाडीनं तासाभरावर केसलर शहर, तिथलं बिग फोर्क हे मोठं. दोघं पिढ्यान्‌पिढ्या एकाच लीगमध्ये खेळत आलेले. सख्ख्या भावांसारखे, म्हणजे सतत भांडत आणि एकमेकांवाचून करमत नाही असे. नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी दोघांचा फुटबॉलचा सामना व्हायचा, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. त्या दिवशी नॉर्डालमध्ये गाडी लावायला जागा मिळायची नाही. संध्याकाळी यजमान गावच्या चर्चच्या तळघरात दोन्ही संघांना एकत्र जेवण, आणि जेवण झालं की हरलेल्या विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखानं एप्रन बांधून सगळ्यांची उष्टी ताटं घासायची. एकट्यानं. जिंकलेल्यानं शेजारी स्टूल टाकून कॉफी पीत बसायचं आणि डाग दाखवायचे. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण यात कधी खंड पडला नव्हता.

सिग्नेचे वडील अर्विड ट्वेट प्रेअरी स्टेटचे क्रीडाप्रमुख होते आणि डार्व्हिन क्रोल बिग फोर्कचा. दरवर्षी एकजण स्टुलावर, एकजण मोरीपाशी. लहानपणी सिग्ने त्या स्टुलाखाली बसून दोघांचं बोलणं ऐकायची.

"अरे डार्व्हिन, ते ताट आहे, तुझ्या संघाचा बचाव नव्हे. जरा जोर लाव की!"

"अर्विड, पुढच्या वर्षी तुला कढईच देतो घासायला. मग बघू जोर."

तिला डार्व्हिनकाका म्हणून हाक मारायची सवय होती. तिच्या पहिल्या सायकलची चेन त्यानंच बसवली होती.

मग टीव्हीचा पैसा आला आणि लीगांची तोडफोड सुरू झाली. समुद्रकाठची श्रीमंत लीग नवे सभासद शोधत होती. त्यांची माणसं आधी अर्विडकडे आली, कारण तेव्हा प्रेअरी स्टेट सारखं जिंकत होतं. अर्विडनं सांगितलं, बिग फोर्कला घेणार असाल तर येतो, दोघं नाहीतर कुणीच नाही. ती माणसं निघून गेली. अर्विडनं हे डार्व्हिनला सांगितलं, डार्व्हिननं डोळ्यांत पाणी आणून हात हातात घेतला आणि म्हणाला, "माझाही शब्द. दोघं, नाहीतर कुणीच नाही."

त्या नोव्हेंबरात बिग फोर्क नॉर्डालमध्ये येऊन हरलं. डार्व्हिननं एप्रन बांधला, बाह्या सरसावल्या, साबणाच्या फेसात हात घातले. अर्विड स्टुलावर. पंचवीसेक ताटं झाली असतील, इतक्यात डार्व्हिनचा फोन वाजला. त्यानं हात पुसले, एप्रन काढून अर्विडच्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "आलोच हं, अर्विड. फोन आहे."

तो आलाच नाही. मोरीतलं पाणी गार झालं. तळघराच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातमी झळकली, बिग फोर्क समुद्रकाठच्या लीगमध्ये दाखल. अर्विडला देऊ केलेली तीच जागा. अर्विड उठला, आणि जिंकलेल्या माणसानं हरलेल्यांची ताटं घासली. शेवटच्या चमच्यापर्यंत. मग मोठी खाली, लहान वर अशी ताटं रचली, डार्व्हिनचा एप्रन मोरीशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "त्याचा आहे. येईल तो."

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठानं अर्विडला घरी बसवलं. शब्द पाळला म्हणून. खुळा, आलेली लक्ष्मी दारातून परत पाठवणारा खुळा, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तीन हिवाळ्यांनंतर तो गेला. डार्व्हिन अंत्यविधीला आला नाही, फुलं पाठवली. निळी. सिग्नेनं ती फुलं चर्चच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर पाय देऊन दाबली.

एप्रन मात्र खिळ्यावरच राहिला. जेवण दरवर्षी होत राहिलं, पण भांडी बायका आपल्या आपणच घासायच्या. त्या एप्रनला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

आणि आता काळाचा महिमा बघा. समुद्रकाठच्या लीगमधले सगळ्यांत मोठे चार जण आणखी मोठ्या लीगमध्ये पळाले. चोरावर मोर! उरलेल्यांची दाणादाण झाली. बिग फोर्कचं तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं राहिलं. खेळायला लीगच नाही. आणि इकडे जुन्या लीगचे तुकडे गोळा करून, इथून एक तिथून एक असे सात सभासद जोडून जी गोधडी शिवली होती, तिच्यात एक जागा रिकामी होती. अर्ज दोन होते. एक बिग फोर्कचा, दुसरा पार दक्षिणेतल्या गल्फ कोस्ट विद्यापीठाचा, जिथे जायला दोन विमानं बदलावी लागतात. सहा सभासदांची मतं पडली होती, तीन इकडे, तीन तिकडे. सातवं मत प्रेअरी स्टेटचं. प्रेअरी स्टेटचे अध्यक्ष पूर्वेकडून आलेले, इतिहासाचे प्राध्यापक, त्यांना फुटबॉल म्हणजे नको तो विषय. ते म्हणाले, "सिग्ने, तुम्ही क्रीडाप्रमुख आहात. तुम्ही म्हणाल तसं."

लीगचे प्रमुख वेंडेल प्रोक यांनी फोन केला. "शनिवारी संध्याकाळी तुला फोन करतो. हो किंवा नाही एवढंच सांग. टीव्हीवाले लगेच जाहीर करतील. आणि हे बघ, डोकं थंड ठेव."

"माझं डोकं थंडच असतं. डकोटाच्या बर्फात राहते मी."

मग डार्व्हिनचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता.

"सिग्ने, पोरी, मी डार्व्हिनकाका."

"बोला, क्रोलसाहेब."

"भेटायला येऊ का? समोरासमोर बोलावं म्हणतो."

"शनिवारी या. सामन्यानंतर जेवण आहे. जागा ठाऊक आहेच तुम्हाला."

"तो एप्रन... अजून आहे म्हणे?"

"आहे. तुमचाच आहे."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत मागे रेलून हसली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. धर बाबा, घट्ट धर.

तिचा बेत साधा होता. त्याला सगळ्या गावासमोर ताटं घासायला लावायची. अकरा वर्षांची. आणि शेवटचं ताट फडताळात गेलं की प्रोकला सांगायचं, हो, घ्या बिग फोर्कला. एवढ्यावर तिचं मन शांत होईल अशी तिची समजूत होती. आणि हो म्हणायला कारणही होतं. ते कारण गुरुवारी दार न वाजवता आत आलं.

टेस बोर्डेल मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक. सिग्नेची शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यासमोर तोंड चालवायला न भिणारी एकुलती एक बाई.

"मंगळवारी आमचा सामना कुठे होता ठाऊक आहे?" टेस टेबलावरच बसली. "वाळवंटात. परत कधी आलो? बुधवारी दुपारी. माझी पोरगी केटलिन, नर्सिंगची. विमानतळाच्या फरशीवर बसून परीक्षा दिली तिनं, फोनवर. नापास झाली."

"मला माहीत आहे."

"आता तो गल्फ कोस्ट आला तर आणखी एक विमान. फुटबॉलवाल्या बाप्यांसाठी तुम्ही लीगा जोडता, तोडता, आणि मरण माझ्या पोरींचं. बिग फोर्क आलं तर बसनं तासाभराचा रस्ता. पोरी रात्री आपल्या खोलीत झोपतील. एवढंच मागतेय."

"मी पोरींचंच बघणार आहे, टेस."

"बघ हं. शब्द दे."

"दिला."

टेस उठली, दाराशी वळली. "तुझ्या बाबांची शपथ घालणार होते. पण शब्दाच्या बाबतीत ट्वेटांना शपथ लागत नाही."

शनिवारी आकाश शिशासारखं होतं आणि वारा असा की नाकातला केस गोठावा. सामना कुठल्याशा पश्चिमेकडच्या संघाशी होता. ते जिंकले, आणि जेवणाची खोकी उचलून तडक विमानतळाकडे निघाले, दरवर्षीसारखे. एकही जण तळघरात उतरला नाही. ताटं मांडलेली, खुर्च्या रिकाम्या. मग नेहमीसारखं गावानंच जेवायला घेतलं. डुकराच्या मांडीचे काप, लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्या, लोण्यातले वाटाणे, आणि कॉफी, जिच्यात चमचा उभा राहील.

डार्व्हिन क्रोल जिना उतरून आला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. उंच माणूस वाकला होता, कानात यंत्र, हातात टोपी. तो टेबलांमधून सरळ मोरीपाशी गेला. तिथे मर्टल हॉगेन उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गेली चाळीस वर्षं या तळघराच्या मालकीणबाई. देवाचं घर वर, मर्टलबाईंचं खाली, असं गावात म्हणायचे.

डार्व्हिननं खिळ्याकडे बघितलं. "हा इथे कुणी टांगला?"

"अर्विडनं," मर्टलबाई म्हणाल्या. "म्हणाला, त्याचा आहे, येईल तो. फार उशीर केलास, डार्व्हिन."

त्यानं एप्रन काढला, झटकला, बांधला. गाठ मागे जाईना, तेव्हा मर्टलबाईंनीच बांधली. बाह्या सरसावून त्यानं गरम पाण्यात हात घातले.

सिग्नेनं वडिलांचं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. हातात कॉफी. अकरा वर्षं हा क्षण तिनं मनातल्या मनात घोळवला होता. आणि होताच तो गोड. खोटं कशाला बोला, फार गोड होता.

"डाग राहिलाय," ती म्हणाली.

त्यानं ताट परत घासलं.

"अजून आहे. कडेला."

"दिसत नाही गं आता नीट."

"तेव्हाही दिसत नव्हतंच तुम्हाला."

त्यानं आणखी दोन ताटं घासली. मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. "त्या दिवशी मी वर पार्किंगमध्येच होतो, सिग्ने. गाडीत. विमानतळावर जायच्या आधी वाटलं, खाली जाऊन अर्विडला सांगावं. पण त्याचं तोंड बघितलं असतं तर करारावर सही झाली नसती माझ्या हातून. म्हणून नाही आलो."

इतकी वर्षं सिग्नेला वाटत होतं, हा माणूस काही न वाटता गेला. वाटलं होतं तर! वाटून, समजून-उमजून, वर गाडीत बसून, मग गेला. हे जास्त वाईट की कमी वाईट, तिला ठरवता येईना. तिनं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "ते ताट राहिलं."

पण तेवढ्यात गाव सैल पडलं. आधी स्वेन आला, उष्टं ताट घेऊन. "काय डार्व्हिन, हात विसरले नाहीत की!" डार्व्हिन हसला. "स्वेन, तुझ्या खोल्यांतल्या गाद्या तरी बदलल्यास का?" हशा पिकला. मग एकेक जण ताट घेऊन यायला लागला, थट्टा करायला लागला. कुणी फोटो काढला. कुणी त्याच्या डोक्यावर निळी टोपी ठेवली. पाद्रीसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. दहा मिनिटांत गुन्हेगाराचा नवरदेव झाला!

"अर्विड असता तर तोही आज हसला असता," स्वेन म्हणाला.

सिग्नेच्या डोक्यात तिडीक गेली. अर्विड? अर्विडला खुळा म्हणणाऱ्यात पहिला तूच होतास, स्वेन. माझ्या बापाच्या वतीनं हसायला तुला कुणी नेमलं? एवढं स्वस्त होतं हे? एक एप्रन, चार विनोद, आणि चुकता हिशेब? गरज सरो, वैद्य मरो, आणि परत गरज लागली की वैद्याच्या पोरीकडे हसत हसत यायचं?

आणि तेव्हाच, फेसाळ हातानं टोपी सावरत, डार्व्हिन तिच्याकडे वळला. चेहरा उजळलेला. सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय सिग्ने, झाली ना फिट्टंफाट?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच तिच्या खिशातला फोन वाजला. प्रोक.

ती स्टुलावरून उठली. कप मोरीच्या कठड्यावर ठेवला. डार्व्हिनच्या डोळ्यांत बघून, अगदी गोड आवाजात, ती म्हणाली, "आलेच हं, डार्व्हिनकाका. फोन आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मागचं सगळं विझलं. त्याला कळलं. गावात दुसऱ्या कुणाला नाही, पण त्याला त्याच क्षणी कळलं. हातातलं ताट पाण्यात निसटलं. सिग्ने जिना चढून वर गेली, कोटही न घेता.

पार्किंगमध्ये वारा कापत होता. तिनं फोन कानाला लावला.

"काय ठरलं?" प्रोक म्हणाले.

"गल्फ कोस्ट."

"सिग्ने. नक्की? तुमच्या मुलींना..."

"गल्फ कोस्ट म्हटलं ना मी, वेंडेल."

गाडी काढून ती केसलरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी कापणी झालेलं काळं रान, मध्येच धान्याच्या कोठारांचे मनोरे. रेडिओवर बातमी लागली तेव्हा ती स्टिअरिंगवर हात आपटून हसली. मोठ्यानं हसली, एकटीच. आता टीव्हीवर दिसत असेल. आता तो मान वर करून बघत असेल, कोपरापर्यंत फेसात. आता कळलं, बाबांना कसं वाटलं? आता टाळ्या वाजवा म्हणावं! जशास तसं, मापाला माप, तसूभर कमी नाही की जास्त नाही. तिच्या अंगात अशी ऊब चढली की कोट नसल्याचं भान राहिलं नाही. नदीच्या पुलापर्यंत ती ऊब पुरली.

पुलावर फोन वाजला. टेस. तिनं उचलला नाही. परत वाजला, परत उचलला नाही. मग वाजायचा थांबला आणि ते जास्त वाईट होतं. तिला शब्द आठवला. दिला, असं ती म्हणाली होती, गुरुवारी, खुर्चीत बसून. पुलापलीकडे गाडी वळवायला जागा होती, तिथे ती बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसली. मग तिला थंडी वाजायला लागली, आणि कोट तळघरात होता.

परत आली तेव्हा पार्किंग रिकामं झालं होतं. डार्व्हिनची गाडी नव्हती. तळघरात मर्टलबाई एकट्याच, टेबलांवर अंथरलेले कागद गुंडाळत होत्या. टीव्ही बंद होता.

"कोट खुर्चीवर आहे," त्या न बघताच म्हणाल्या.

सिग्नेनं कोट उचलला. "गेला?"

"आत्ताच."

"काय म्हणाला?"

मर्टलबाई सरळ उभ्या राहिल्या. "काय म्हणणार? बातमी लागली तेव्हा अर्धी ताटं उरली होती. सगळे पळाले. स्वेन आधी पळाला. मी म्हटलं, राहू दे डार्व्हिन, जा तू. म्हणाला, नाही, संपवतो. मला विचारलं, ती परत येणार आहे का. मी म्हटलं, येईल. अर्विडलाही मी हेच सांगितलं होतं."

सिग्नेनं फडताळाकडे बघितलं. ताटं रचलेली होती. मोठी खाली, लहान वर, एकाही ताटावर डाग नाही. हे असं रचणारा एकच माणूस तिला ठाऊक होता.

"त्याची लायकी तीच होती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला तेवढा खणखणीत निघाला नाही.

"होती की. मी कुठे नाही म्हणतेय?" मर्टलबाई म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी हातात सापडला असता तर त्याच पाण्यात बुडवला असता मी त्याला. पण पोरी, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास तू. आणि नाक तरी तुझं असतं तर गोष्ट वेगळी. ते टेसच्या पोरींचं होतं."

सिग्नेनं नजर वळवली. तेव्हा तिला खिळा दिसला. एप्रन परत तिथेच होता, पिळून, झटकून, नीट अडकवलेला. खालून पाणी ठिबकत होतं.

"तो का ठेवून गेला? त्याचा आहे ना!"

"मीही तेच म्हटलं. घेऊन जा, तुझं घासून झालंय. तर म्हणाला, माझा नाही आता. तिचा आहे. येईल ती."

तळघर एकदम फार मोठं झालं. सिग्नेला ओरडावंसं वाटलं, की मी डार्व्हिन क्रोल नाही, मी अर्विड ट्वेटची मुलगी आहे. पण दिलेला शब्द मोडून, फोनचं निमित्त करून, भरल्या मोरीपाशी माणसाला उभं ठेवून, गाडीत बसून निघून कोण गेलं होतं? आणि शेवटचं ताट घासून रचून कोण गेलं होतं?

"परत वेळ आली तरी मी हेच करीन," ती म्हणाली. खरंच म्हणाली, कारण ते खरं होतं. त्याचा तो विझलेला चेहरा तिला अजूनही गोड लागत होता.

"माहीत आहे," मर्टलबाई म्हणाल्या. "म्हणून तर तो तुझा आहे."

त्यांनी आपला कोट घातला, रुमाल बांधला आणि काठी शोधली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी काठीनं मोरीकडे दाखवलं.

"टेसच्या पोरी सराव आटपून जेवायला आल्या होत्या. तू गेल्यावर. बातमी बघत बघत जेवल्या बिचाऱ्या. त्यांची ताटं राहिलीत. टेस म्हणाली, ही कुणी घासायची नाहीत, जिची तिला कळेल. दिवा मालवून ये."

काठीचा आवाज वर गेला, दार लागलं. मोरीत ताटं होती, अर्धवट खाल्लेल्या लेफ्सा तशाच चिकटलेल्या. कडेला सिग्नेचा कॉफीचा कप, तिनं ठेवला होता तिथेच. तिनं कोट परत खुर्चीवर टाकला. एप्रन खिळ्यावरून काढला. ओला होता आणि तिला फार मोठा होता. गाठ मागे जाईना, आणि बांधून द्यायला कुणी नव्हतं. तिनं पुढेच गाठ मारली. नळातून आधी गार पाणी आलं, आणि ते गरम होईपर्यंत ती हात धरून उभी राहिली.